प्रबोधचं पिंप

यिशुन, सिंगापूर
३० जुलै २००६

प्रिय सुलेखाताई,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. फोन उचलणार नाही म्हणजे नाहीच, असं तू ठरवलंयस, तर मीही आता पत्रांची सवय लावून घेतो. गेल्या सप्टेंबरात आपला धाकटा प्रबोध गेल्याची बातमी मीच तुला फोनवर दिली. तुझा राग फोनवर आहे की माझ्यावर, हे विचारायची हिंमत मात्र मला होत नाही.

प्रबोधच्या सामानाचं काय केलं, असं तू विचारलंस. खरं सांगतो, वर्ष होत आलं तरी काहीच केलं नव्हतं. त्याच्या बॅगा, पुस्तकं, क्रिकेटचे बूट, सगळं शेल्टरमध्ये पडून होतं. इथल्या नव्या सरकारी फ्लॅटमध्ये प्रत्येक घरात एक काँक्रीटची कोंदट खोली असते, बॉम्ब पडले तर लपायला. खिडकी नाही, दार लोखंडी. बॉम्ब काही पडत नाहीत, म्हणून लोक तिथे कांदे-बटाटे आणि जुन्या सुटकेस ठेवतात. आपले प्रबोधमहाराज मात्र तिथे स्टूल टाकून अभ्यासाला बसायचे. सगळ्या सिंगापुरात एवढी शांत जागा दुसरी नाही, म्हणायचा.

शेवटी गेल्या रविवारी ललिताने कंबर कसली आणि आम्ही दोघांनी ती खोली आवरली. बॅगांच्या मागे एक मोठं खोकं निघालं. ताई, आता डोळे वटारू नकोस. ते घरी बिअर बनवायचं सामान होतं. घरापुरती बनवायला इथे परवानगी आहे. डेंग्यूचा ताप यायच्या थोडंच आधी आणलं असणार, डब्याला हातही लागला नव्हता.

मी ते फेकायला निघालो होतो. लिफ्टपर्यंत गेलो आणि परत आलो. त्याने मनात धरलेलं एक तरी काम पुरं व्हावं, असं फार वाटलं. मग पुस्तिकेत लिहिलं होतं तसं सगळं केलं. डब्यातला माल्टचा रस काकवीसारखा घट्ट असतो. तो गरम पाण्यात ढवळायचा, साखर घालायची, प्लॅस्टिकच्या पिंपात ओतून गार पाण्याने पिंप भरायचं आणि वरून यीस्ट भुरभुरायचं. झाकणाला एक वाकडी नळी असते, तिच्यात घोटभर पाणी. आतला वायू त्या पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर पडतो. झालं. यीस्टच्या पुडीची तारीख उलटली होती. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, ते मेलंय, नवीन घेऊन जा. मी म्हटलं राहू दे, त्याचंच घालू.

तीन-चार दिवस काहीच नाही. गुरुवारी ऑफिसातून आलो, तर ललिता शेल्टरच्या दारासमोर हातात झारा घेऊन उभी. म्हणाली, "आत कुणीतरी आहे." दार उघडलं तर आपलं पिंप! दोन छोटे बुडबुडे, मग जरा थांबून एक लांब. पुन्हा दोन छोटे, एक लांब. मेलेलं यीस्ट जिवंत झालं होतं. ललिताला खूप हसलो मी.

इथे सध्या चिनी लोकांचा सातवा महिना लागलाय. या महिन्यात म्हणे मेलेली माणसं घरी येतात. बिल्डिंगखाली त्यांच्यासाठी भात, संत्री मांडतात, कागदी नोटा जाळतात. शेजारच्या को आंटीने काल मला हटकलंच. "यू ऑल्सो बुद्धिस्ट, व्हॉट? युअर ब्रदर, यू नेव्हर पुट एनिथिंग?" मी सांगितलं, आमचा बुद्ध भुतंखेतं मानत नाही. ती हसली. म्हणाली, "बुद्धा डोन्ट नीड लाह. युअर ब्रदर नीड."

तब्येतीला जप.
तुझा,
नरेश


नागपूर
९ ऑगस्ट २००६

चि. नरेश,
जयभीम आणि आशीर्वाद.

वा रे पठ्ठ्या! आपल्या घरात रोज सकाळी पंचशील म्हटल्याशिवाय बाबांनी चहा घेतला नाही, आणि त्यांचे चिरंजीव परदेशात जाऊन भट्टी लावतात. पाचवं शील काय फक्त नागपूरच्या हद्दीपुरतं आहे? ललिताचीही कमाल आहे. हातात झारा होताच ना, मग दोन ठेवून द्यायच्या.

इथे श्वास घ्यायला फुरसत नाही. धम्मदीक्षेला यंदा पन्नास वर्षं होतात. दीक्षाभूमीवर लाखोंनी लोक येणार. आमच्या शाळेतल्या शिक्षकांकडे पाण्याची व्यवस्था दिली आहे आणि त्या शिक्षकांकडून काम करून घेण्याची व्यवस्था माझ्याकडे. घरीच वीसेक माणसं उतरतील. तुझा भाचा अभय बिचारा सायकलवरून गाद्या गोळा करत फिरतोय.

प्रबोधची पुस्तकं तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याला दे. बूट देऊन टाक. ती बिअर ओतून दे, म्हणजे विषय संपला.

आणि हो, ते बुडबुड्यांचं जरा नीट लिही. दोन छोटे आणि एक लांब म्हणजे कसे? लांबाच्या शेवटी बारीक शिट्टीसारखा आवाज येतो का? सहज विचारते. मी विचारलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नकोस.

तुझी,
सुलेखाताई


यिशुन
२० ऑगस्ट २००६

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

हो, शिट्टी येते. अगदी बारीक, लांब बुडबुड्याच्या शेवटी. तुला कसं कळलं? मला वाटतं झाकण कुठेतरी सैल आहे.

पण ताई, गंमत वेगळीच आहे. हे प्रकरण आठवडा-दहा दिवसांत संपायला हवं होतं. आतली साखर संपली की यीस्टला खायला काही उरत नाही आणि बुडबुडे थांबतात. साखर किती उरली हे बघायला एक काचेची तरंगती नळी असते. मी पुन्हा पुन्हा मोजलं. साखर केव्हाच संपली आहे. तरी चालू आहे.

दुसरी गोष्ट. इथे उकाडा भयंकर, म्हणून मी पिंपाभोवती बर्फाच्या बाटल्या ठेवतो. गार केलं की यीस्ट मंदावतं, असं पुस्तिका सांगते. आमचं उलटं. बर्फ ठेवला की घाईघाईने चालतं, लांब बुडबुड्याला ओढ लागते, शिट्टी वाढते. बर्फ काढला की हळूहळू शांत होतं. ऑफिसातल्या निमिषला विचारलं, तो केमिकलवाला. तो म्हणाला, असं होऊच शकत नाही. मीही तेच म्हणालो असतो.

तुझं पत्र मी शेल्टरमध्ये स्टुलावर बसूनच वाचलं. माझी मोठ्याने वाचायची खोड तुला माहीत आहे. वाचायला लागलो आणि आवाज थांबला. संपलं असं समजून मी वाचत राहिलो. भट्टी, झारा, अभयच्या गाद्या, सगळं वाचलं. "तुझी सुलेखाताई" म्हणून पत्र मिटलं, आणि दोन छोटे, एक लांब.

योगायोग असणार. मी काही मानत नाही, तुला ठाऊक आहे. पण आता संध्याकाळी घरी आलो की मी आधी तिथे जाऊन बसतो. ऑफिसातलं काहीबाही सांगतो. बरं वाटतं. गेलं वर्षभर इतकं बरं वाटलं नव्हतं, हे तुझ्यापासून कशाला लपवू? ललिता चिडते. तिचं म्हणणं, जेवताना तरी दार लावून घ्या.

सातवा महिना संपत आला, असं मी को आंटीला म्हणालो. ती म्हणाली, यंदा दोन आहेत. आपला अधिक महिना असतो तसा त्यांचाही येतो, आणि या वर्षी नेमका सातवाच दोनदा आलाय. "दिस इयर दे स्टे लाँगर," म्हणाली आणि आमच्या दारात दोन संत्री ठेवून गेली.

तुझा,
नरेश


नागपूर
२९ ऑगस्ट २००६

नरेश,

तुझं पत्र वाचून मला रात्रीचं जेवण गेलं नाही. आता मी थट्टा करत नाही, तूही करू नकोस.

बावीस प्रतिज्ञा तुला मी पाठ करून घेतल्या आहेत. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, हे तू तुझ्या तोंडाने म्हटलं आहेस. दार लावून त्या कोठडीत बसून तू जे करतो आहेस ते श्राद्धच आहे. भाताऐवजी बिअर, एवढाच फरक. आई गेली तेव्हा वस्तीतल्या बायका सांगत आल्या, कावळ्याला घास ठेवा. बाबांनी हात जोडून त्यांना परत पाठवलं. त्या बाबांची आपण मुलं आहोत.

गेलेलं माणूस परत येत नाही. प्रबोध गेला. तू त्याला नागपूरला आणलंस तेव्हा मी माझ्या हाताने त्याला शेवटची अंघोळ घातली आहे. तो कुठल्या पिंपात नाही. ते जे काही आहे ते ओतून टाक. आजच्या आज. घरात ठेवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही.

माझा एक भाऊ गेला. दुसरा त्या कोंडवाड्यात बसून जाऊ देणार नाही. ऐकशील ना माझं?

आणि ओतेपर्यंत तो बर्फ तेवढा काढून ठेव.

सुलेखाताई


बुकित तिमाह, सिंगापूर
८ सप्टेंबर २००६

ती. सुलेखाताईंना,
ललिताचा सप्रेम जयभीम.

मी इथे माझी मैत्रीण मधुमती हिच्या घरी आहे. यांनी तुम्हाला कळवलं नसेल. परवा मी घर सोडून आले. यांच्या अपरोक्ष तुम्हाला लिहिणं बरं दिसत नाही, पण आता तुमच्याशिवाय कुणाचं ते ऐकणार नाहीत.

यांनी ऑफिसातून रजा घेतली आहे. दिवसभर शेल्टरमध्ये लोखंडी दार लावून बसतात. दार उघडं असलं की टीव्हीच्या आवाजाने त्याला त्रास होतो म्हणतात. 'त्याला'. ताई, मी केमिस्ट्री शिकलेली बाई आहे. त्या बुडबुड्यांतून जो वायू येतो तो बंद खोलीत साचतो, माणूस गुंगीत जातो आणि त्याला कळतही नाही. परवा दुपारी मी हाका मारल्या, ओ नाही. दार ओढून उघडलं, तर हे पिंपाला मिठी मारून बसलेले, डोकं झाकणावर, ओठ निळसर. बाहेर ओढून आणलं, पंख्याखाली निजवलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "का उठवलंस? आम्ही बोलत होतो."

तुमचं २९ तारखेचं पत्र त्यांनी त्याला वाचून दाखवलं. मी दाराबाहेर उभी होते. "ओतून टाक" हे वाचलं आणि आतून आवाज असा सुरू झाला की मी कानांवर हात ठेवले. ओढ लागलेली, शिट्टीवर शिट्टी. यांचा आवाज ऐकू येत होता, समजावत होते. "अरे, ताई तशीच बोलते. तू मनावर घेऊ नकोस."

तुम्ही म्हणाल, नवऱ्याचं डोकं फिरलं आणि बायकोही त्याच वाटेने निघाली. म्हणून हेही सांगते. हे अंघोळीला गेले होते तेव्हा मी एकटी आत गेले. मी नुसतं "प्रबोध" म्हटलं. आवाज थांबला. मी तिथून पळाले. मला तो धाकट्या भावासारखा होता, हॉस्पिटलात शेवटपर्यंत मी त्याच्या उशाशी होते. तरीसुद्धा पळाले.

यांना मी सांगितलं आहे, एक तर ते पिंप किंवा मी. ताई, तुम्ही एकदा पुन्हा निक्षून लिहा. मला नवरा हवा आहे.

तुमची,
ललिता


नागपूर
२० सप्टेंबर २००६

चि. नरेश,
आशीर्वाद.

ललिताचं पत्र आलं. तिच्या सांगण्यावरून तुला खडसावायला बसले होते. अर्धा कागद लिहिला आणि फाडला. आता जे लिहिते आहे ते कुणाला सांगू नकोस. दीक्षाभूमीवर माझी मान खाली जाईल.

प्रबोध पाच वर्षांचा असताना त्याला दम्याने धरलं होतं. तू तेव्हा औरंगाबादला होस्टेलवर होतास. तुझी बोर्डाची परीक्षा होती, म्हणून बाबांनी तुला काही कळवायचं नाही असं ठरवलं, आणि पुढे त्याचा दमा गेला तसा तो विषयही गेला. तुला हे ठाऊक असण्याचं काही कारण नाही, आणि प्रबोधलाही फारसं आठवत नव्हतं. आठवतं ते मला. त्या हिवाळ्यात तो माझ्या कुशीत निजायचा आणि मी त्याच्या छातीवर हात ठेवून जागी असायची. दोन छोटे श्वास, मग थांबायचा, मग एक लांब, आणि शेवटी बारीक शिट्टी. गारठा वाढला की ओढ लागायची. मग मी शाळेतला कुठलाही धडा मोठ्याने वाचायची. ऐकताना तो शांत व्हायचा. वाचणं थांबलं की पुन्हा सुरू.

तुझ्या पहिल्याच पत्रात मी ते ओळखलं. म्हणून शिट्टीचं विचारलं. तू "हो" म्हणालास आणि मी घाबरले. मग तुला प्रतिज्ञा ऐकवल्या.

मी आजही मानत नाही, नरेश. उद्या कुणी विचारलं तर मेलेलं माणूस परत येत नाही असंच सांगेन. पण तो श्वास माझ्या हाताखाली घडला आहे. तो मला दुसऱ्या कुणाचा कसा वाटेल?

ते ओतू नकोस. माझी शपथ. बर्फ काढ, त्याला गारठा सोसत नाही. मफलर पाठवते आहे, मीच विणला होता, तो भोवती गुंडाळ. दार सताड उघडं ठेव आणि तू बाहेर बस, आत बसायचं नाही. ललिताला घरी आण, तिला हे पत्र वाचायला दे. तिने भिऊ नये. तो तिला काही करणार नाही.

आणि मागचं पत्र त्याला वाचून दाखवायला नको होतंस रे. ताईने हाकलून दिलं असं वाटलं असेल त्याला. हे वाचून दाखव. अभय माझा पासपोर्ट काढून आणतोय. धम्मदिन झाला की मी निघते. तोवर त्याला थांबव.

सुलेखाताई


यिशुन
२२ सप्टेंबर २००६

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तू खूश होशील अशी बातमी देतो. काल ते पिंप ओतलं.

तुझ्या नव्या पत्राची वाट बघत होतो. ते आलं नाही, म्हणून जुनंच पुन्हा वाचलं. 'माझा एक भाऊ गेला' या वाक्याशी थांबलो. तुझं खरं होतं. मी जात चाललो होतो. बुकित तिमाहला जाऊन ललिताला घेऊन आलो. काल चिनी लोकांचा दुसरा सातवा महिनाही संपला. खाली सगळीकडे राख आणि संत्र्यांच्या साली पडल्या होत्या.

तू सांगितलं होतंस म्हणून बर्फ आधीच काढला होता. आवाज अगदी हळू झाला होता, झोप लागल्यावर होतो तसा. पिंप मी उचलून बाथरूममध्ये नेलं. ललिताने झाकण काढलं. आत चांगली नितळ, सोनेरी बिअर झाली होती ताई. पावाच्या भट्टीजवळून जाताना येतो तसा वास आला. मी म्हटलं, "प्रबोध, ताईने सांगितलंय." आणि पिंप कलतं केलं.

सगळं गेलं. तळाशी गाळ होता, तोही धुतला. मग जाळीच्या खालून, मोरीच्या पाइपमधून ते ऐकू आलं. दोन छोटे, एक लांब. मग जरा खालून. मग आणखी खालून, इतर मजल्यांवरून जात असल्यासारखं. ललिताने माझा हात घट्ट धरला होता. कधी बंद झालं ते कळलं नाही, आम्ही बराच वेळ तिथेच बसून होतो.

सोमवारपासून ऑफिसला जातो. ललिताने आज शेल्टरमध्ये कांदे-बटाटे ठेवले. माझ्यासाठी तू जीव तोडून लिहिलंस, त्याबद्दल आभार मानले तर मार खाईन. तुझं ऐकलं, एवढंच.

तुझा,
नरेश


यिशुन
१० ऑक्टोबर २००६

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तुझं वीस तारखेचं पत्र आणि मफलरचं पार्सल अठ्ठावीसला बरोबरच पोचलं. तोवर माझं पत्र तुला मिळालं असेल. त्यानंतर तुझं काहीच आलं नाही. धम्मदिनाच्या गर्दीमुळे असेल, असं ललिता म्हणते. मी काही म्हणत नाही.

तुझं पत्र आधी ललिताने वाचलं. वाचून तिने पर्स उचलली आणि "चला" म्हणाली. आम्ही बिअरच्या सामानाच्या दुकानात गेलो. कपाटातून ललितानेच डबा काढला. तीच कंपनी, तोच डबा. तारीख उलटलेलं यीस्ट आहे का, असं मी विचारलं, तर दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. नव्यावर भागवलं.

पिंप तेच वापरलं. शेल्टर पुन्हा रिकामं केलं. त्याचे बूट अजून दिले नव्हते, ते पिंपाशेजारी ठेवले. बर्फ ठेवला नाही. मफलर गुंडाळला, दार सताड उघडं ठेवलं आणि बाहेर फरशीवर आम्ही दोघं बसलो. दुसऱ्या दिवशी बुडबुडे सुरू झाले. ललिताने तुझं पत्र मोठ्याने वाचलं. ताईने तुला हाकललं नाही, असं स्वतःच्या पदरचंही एक वाक्य तिने घातलं. वाचताना तिला रडू येत होतं. ती मध्येच थांबायची, पुन्हा वाचायची.

बुडबुडे काही थांबले नाहीत. एकामागून एक येत राहिले, सगळे सारखे. मी बर्फ ठेवून पाहिला, रागावू नकोस, अगदी थोडा. ते मंदावले. पुस्तिकेत लिहिलंय तसेच. आठवडा झाला तसे कमी झाले आणि काल बंद पडले. साखर मोजली, संपली होती.

पासपोर्ट आला की तू ये. आम्हाला तू हवी आहेस. ललिताने तुझ्यासाठी छोटी खोली आवरून ठेवली आहे. पण तू त्याच्यासाठी निघत असशील, तर आधीच सांगायला हवं. आज सकाळी ऑफिसला जायच्या आधी पुन्हा एकदा झाकणाला कान लावला आणि पुष्कळ वेळ बसलो. त्याचं नावही घेतलं. ताई, ही नुसती बिअर आहे.

तुझा,
नरेश